लाइन आली, सर्व्हरही चालू आहे, पण सॉफ्टवेअर उघडत नाही

हिंगणघाट, वणी, पांढरकवडा या पट्ट्यातल्या जिनिंगमध्ये काटापट्टीपासून गाठींच्या हिशोबापर्यंत बरंच काही आता कॉम्प्युटरवर आलं आहे. ज्यांना एकाच मशीनवर भरवसा नाही, ते तीन छोटी मशीनं घेऊन प्रॉक्समॉक्सचा क्लस्टर करतात. प्रॉक्समॉक्स म्हणजे एका मशीनच्या आत अनेक आभासी (व्हर्च्युअल) मशीनं चालवणारं सॉफ्टवेअर, आणि क्लस्टर म्हणजे एकमेकांना सांभाळून घेणारा मशीनांचा गट. एक मशीन बसलं तरी काटा थांबू नये, एवढाच हेतू. हंगामात फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग असताना काटा थांबला तर काय होतं, हे इकडच्या माणसाला समजावून सांगायला नको.

अशा ठिकाणांहून येणारी एक तक्रार ठरलेली आहे. लाइन जाते, जनरेटर लागतो, लाइन येते, परत चेंजओव्हर होतो आणि काट्यावरचा ऑपरेटर फोन करतो: "भाऊ, तिन्ही मशीन चालू आहेत जी, हिरवे लाइट लागून आहेत, पण सॉफ्टवेअर काही खुलून नाही राहिलं." कधी ते दहा-पंधरा मिनिटांनी आपोआप उघडतं. कधी राउटर बंद-चालू केल्यावर उघडतं. कधी सगळंच दोनदा रीस्टार्ट करावं लागतं. मग काही दिवस सुरळीत जातात आणि पुढच्या वेळी लाइन गेली की पुन्हा तेच. रीस्टार्टनं काम भागतं म्हणून मुळाशी कुणी जात नाही. उलट नवा हार्डवेअर-विक्रेता येऊन महागडं मशीन गळ्यात मारून जातो, आणि त्या मशीनवरही हाच प्रकार सुरू राहतो.

माझ्या पाहण्यात मूळ जवळजवळ नेहमी पत्त्यांत आणि नावांत निघतं. क्लस्टरला उठताना जे काही दुसऱ्याला विचारावं लागतं, तो दुसरा अजून उठलेला नसतो किंवा त्यानं भलतंच उत्तर दिलेलं असतं. म्हणून इलाजही एकाच दिशेचा आहे: क्लस्टर कुणालाही न विचारता उठला पाहिजे. पुढचं सगळं त्याचाच तपशील आहे.

आधी नंबर, मग नाव

काट्यावरच्या कॉम्प्युटरवरून सर्व्हरला आधी आयपी नंबरानं पिंग करा, म्हणजे हाक मारून उत्तर येतं का बघा, मग नावानं. नंबरानं उत्तर येतं पण नावानं येत नाही, तर भानगड डीएनएसची, म्हणजे नावावरून नंबर सांगणाऱ्या यंत्रणेची आहे, खाली नावांच्या भागात जा. नंबरानंच येत नाही, तर आधी त्या कॉम्प्युटरचा स्वतःचा पत्ता बघा. तो १६९.२५४ नं सुरू होत असेल तर त्याला डीएचसीपीकडून, म्हणजे राउटरमधल्या पत्ते वाटणाऱ्या सोयीकडून, पत्ता मिळालेलाच नाही आणि त्यानं स्वतःच एक घेतला आहे. अशा वेळी सर्व्हरला हात लावू नका, त्या कॉम्प्युटरची केबल काढून परत लावा.

सगळ्यात फसवा प्रकार तिसरा. पिंगला उत्तर येतं, नाव बरोबर नंबर दाखवतं, तरी सॉफ्टवेअर उघडत नाही. इथे बहुतेक जण सर्व्हरच्या मागे लागतात. पण पिंगला उत्तर आलं म्हणजे ते सर्व्हरनंच दिलं असं नसतं. विंडोजवर एआरपी -ए, लिनक्सवर आयपी नेबर ही कमांड द्या आणि त्या नंबरासमोर कोणता मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक) दिसतो ते सर्व्हरच्या खऱ्या मॅकशी ताडून बघा. दोन मिनिटांनी परत बघा. मॅक बदललेला दिसला तर चोर सापडला: त्या नेटवर्कवर एकाच पत्त्याची दोन यंत्रं आहेत.

दुसरं यंत्र कोणतं, तेही मॅकवरून बरंच कळतं. पहिल्या जोडीतलं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर तो कारखान्यातून आलेला मॅक नाही, सॉफ्टवेअरनं बनवलेला आहे. अँड्रॉइडनं २०१९ मध्ये आलेल्या १० व्या आवृत्तीपासून प्रत्येक वायफायसाठी असा बनावट मॅक वापरायला सुरुवात केली, आयफोनमध्ये तो २०२० पासून आला. तेव्हा असा मॅक दिसला की ऑफिसमधल्या मोबाइलवर संशय घ्यायला हरकत नाही. फक्त डॉकरचे कंटेनर (सॉफ्टवेअर वेगळ्या खोक्यात चालवायची सोय) आणि काही व्हर्च्युअल मशीनंही असलाच मॅक घेतात, म्हणून आधी स्वतःच्या घरात झडती घ्या.

एकाच पत्त्याचे दोन मालक

हे होतं कसं, ते नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण ते कळलं की हा प्रकार लाइन गेल्यावरच का होतो तेही कळतं.

प्रॉक्समॉक्स इन्स्टॉल करताना नेटवर्कची पाटी येते तेव्हा त्यात पत्ता आधीच भरलेला असतो. तो राउटरच्या डीएचसीपीनं त्या घटकेला दिलेला पत्ता असतो, समजा १९२.१६८.१.१०. घाईत माणूस 'नेक्स्ट' दाबतो. इन्स्टॉलर तोच पत्ता कायमचा, स्टॅटिक म्हणून लिहून टाकतो. आता सर्व्हरला वाटतं १० नंबर माझा. राउटरला वाटतं १० नंबर मी तात्पुरता दिला होता, त्याची मुदत संपली, नूतनीकरण मागायला कुणी आलं नाही, म्हणजे तो मोकळा. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत.

तरी बरेच दिवस काही होत नाही, कारण बहुतेक राउटर पत्ता देण्याआधी तो कुणी वापरत नाही ना, हे एक हाक मारून बघतात. सर्व्हर जागा असतो, ओ देतो, राउटर पुढचा नंबर देतो. मग लाइन जाते. बऱ्याच स्वस्त राउटरमध्ये कुणाला काय दिलं याची यादी फक्त मेमरीत असते, ती पुसली जाते. लाइन येते. मोबाइल तर बंद झालेलेच नसतात, त्यांना स्वतःची बॅटरी आहे. वायफाय दिसताच ते पत्ता मागतात. राउटर पहिल्या नंबरापासून वाटप सुरू करतो, १० ला हाक मारतो, पण सर्व्हर अजून मेमरी तपासत बसलेला आहे. उत्तर येत नाही. १० नंबर दिवाणजींच्या मोबाइलला जातो. दोन मिनिटांनी सर्व्हर उठतो आणि काही न विचारता १० वर बसतो, कारण लिनक्स स्टॅटिक पत्ता घेताना तो आधीच कुणाकडे आहे का हे सहसा तपासत नाही. विंडोज निदान पत्त्याचा झगडा झाल्याचा इशारा तरी देतो.

आता काट्यावरच्या कॉम्प्युटरचं बोलणं कधी सर्व्हरकडे जातं, कधी मोबाइलकडे. दिवाणजी जेवायला घरी गेले की मोबाइल वायफायच्या बाहेर जातो आणि सॉफ्टवेअर 'आपोआप' सुरू होतं. दहा-पंधरा मिनिटांत बरं होण्यामागचं एक रहस्य हे आहे. दुसरं नावांच्या भागात येईल.

इथे लोक सर्व्हरचा पत्ता बदलायला धावतात. ते करू नका. प्रॉक्समॉक्समध्ये नोडचा, म्हणजे क्लस्टरमधल्या एका मशीनचा, पत्ता बदलायचा म्हणजे नेटवर्कची इंटरफेसेस फाइल, होस्ट्स फाइल (नावं आणि त्यांचे नंबर लिहिलेली) आणि कोरोसिंकची (नोडांचं आपापसातलं बोलणं सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरची) कॉन्फ फाइल अशी तीन ठिकाणं एकमेकांशी जुळती बदलावी लागतात. कोरोसिंकच्या फाइलमध्ये कॉन्फिग व्हर्जनचा आकडा एकानं वाढवायचा राहिला तर बदल लागूच होत नाही. त्यात कोरम, म्हणजे नोडांचं बहुमत, गेला तर ती फाइल फक्त वाचता येते, लिहिता येत नाही. हंगाम चालू असताना हे काम म्हणजे विकतचं दुखणं. त्यापेक्षा सर्व्हर आहे तिथे राहू द्या आणि राउटरमधली डीएचसीपीची रेंज हलवा: १०० ते १९९ वाटपासाठी, १०० च्या खालचं सगळं हातानं द्यायचं. दोन मिनिटांचं काम आहे, आणि बऱ्याच ठिकाणी एवढ्यानंच तक्रार थांबते.

सर्व्हरचे पत्ते डीएचसीपीनंच, पण प्रत्येक मॅकला ठरलेला नंबर बांधून द्यावेत असं काही जणांचं मत आहे. मोठ्या ऑफिसात ते ठीक आहे. इथे नको. चेंजओव्हरनंतर कोण आधी उठेल याचा नेम नसतो: कधी वरच्यासारखा सर्व्हर मागे राहतो, तर कधी छोटं मशीन अर्ध्या मिनिटात उठतं आणि राउटरला दोन-तीन मिनिटं लागतात. मधे मॅनेज्ड (सेटिंग करता येणारा) स्विच असेल आणि त्यात जुना स्पॅनिंग ट्री (केबलांचं वेटोळं टाळणारी सोय) चालू असेल तर पोर्ट ऐकण्यात १५ सेकंद आणि शिकण्यात १५ सेकंद घालवतो, तोवर पलीकडे काही जात नाही. सर्व्हरनं पत्ता मागितला आणि कुणी ऐकलाच नाही, असं होतं. क्लस्टरच्या यंत्रांचे पत्ते त्यांच्या त्यांच्या डिस्कवर लिहिलेले असावेत. स्विचमध्ये सर्व्हरचे पोर्ट एज किंवा पोर्टफास्ट करून ही थांबण्याची वेळ टाळा, ते वेगळं.

पत्त्यांचा कागद

नवीन उभारणी असेल तर इन्स्टॉलरची सीडी किंवा पेनड्राइव्ह लावण्याआधी एक कागद घ्या. ही शिस्त कंटाळवाणी वाटते, पण यापुढचे निम्मे घोळ इथेच मरतात.

पहिला निर्णय: इंटरनेट कंपनीनं दिलेल्या डब्यावर आतल्या पत्त्यांची जबाबदारी ठेवायची नाही. तो डबा त्यांचा आहे. वीज कडाडली, डबा जळाला, त्यांचा माणूस येऊन दुसरा लावून गेला, की कालपर्यंत १९२.१६८.१ असलेलं नेटवर्क आज १९२.१६८.१०० होतं आणि तिन्ही सर्व्हर परके होतात. मधे स्वतःचा एक राउटर घ्या आणि डबा ब्रिज मोडवर टाकायला सांगा, म्हणजे तो इंटरनेट नुसतं पुढे देईल, पत्ते वाटणार नाही. ते जमत नसेल तर डब्याच्या आतली आणि तुमच्या राउटरच्या आतली रेंज वेगवेगळी आहे एवढं तरी बघा. दोन्हीकडे १९२.१६८.१ असेल तर राउटरला आत-बाहेर कळणारच नाही. बॅकअपसाठी घेतलेल्या सिमकार्डच्या राउटरचंही तेच.

दुसरा निर्णय: रेंज कोणती. खासगी वापरासाठी १९९६ पासून तीन पट्टे राखून ठेवलेले आहेत: १० नं सुरू होणारे सगळे, १७२.१६ ते १७२.३१, आणि १९२.१६८. शेवटच्यातले ० आणि १ घराघरात असतात, म्हणून घरून व्हीपीएननं (इंटरनेटवरून काढलेल्या खासगी बोगद्यानं) जोडणाऱ्याला हमखास अडचण येते. डॉकर १७२.१७ वापरतो. केथ्रीएस नावाचं छोटं कुबरनेटीज (कंटेनर सांभाळणारं सॉफ्टवेअर) १०.४२ आणि १०.४३ आपल्यासाठी घेतं. हे सगळं टाळून काहीतरी आडवळणाचं घ्या, समजा १०.६१.२०.

मग शेवटच्या आकड्याची वाटणी. १ राउटर, २ आणि ३ डीएनएस, ११-१२-१३ तीन नोड, ३१ पासून व्हर्च्युअल मशीनं, १०० ते १९९ डीएचसीपी, २०१ च्या पुढे कॅमेरे, प्रिंटर, काट्याचा इंडिकेटर जोडणारा सिरियल-ते-नेटवर्क डबा. कॅमेऱ्यांचं मुद्दाम लिहितो. कॅमेरे बसवायला येणारा मुलगा डीव्हीआरला मनाला येईल तो नंबर देऊन जातो आणि तो नंबर नेमका आपल्या नोडचा निघतो. कागदाची एक प्रत रॅकच्या दारावर चिकटवा, त्यावर मॅकही लिहा, आणि त्याला सांगा की २०१ च्या खाली यायचं नाही.

क्लस्टरच्या आपापसातल्या बोलण्यासाठी, म्हणजे कोरोसिंकसाठी, शक्य असेल तर दुसरं नेटवर्क कार्ड आणि वेगळा छोटा स्विच ठेवा, १०.६१.३० वर. त्याला गेटवे (बाहेर जायचं दार) द्यायचा नाही, नावं द्यायची नाहीत, फक्त नंबर. पहिलं नेटवर्क दुसरी लिंक म्हणून जोडा. एक गेलं तर दुसऱ्यावरून चालतं. कोरोसिंकला उशीर चालत नाही, नोडांमधलं अंतर पाच मिलिसेकंदांच्या आत लागतं. तिसरा नोड मालकांच्या नागपूरच्या घरी ठेवून इंटरनेटवरून जोडण्याची कल्पना कुणी मांडली तर तिथेच थांबवा. बॅकअप ठेवा नागपूरला, खुशाल.

नाव सांगणाराच झोपलेला

नावांचा घोळ बहुतेक वेळा असा असतो: डीएनएस सर्व्हर हे क्लस्टरमधलंच एक व्हर्च्युअल मशीन. त्याची डिस्क नेटवर्कवरच्या स्टोरेजवर. आणि प्रॉक्समॉक्समध्ये ते स्टोरेज जोडलंय नावानं. लाइन आल्यावर नोड उठतो, स्टोरेजचं नाव विचारतो, सांगणारं मशीन त्याच स्टोरेजवर झोपलेलं आहे. स्टोरेज सापडत नाही म्हणून ते मशीन सुरू होत नाही, ते सुरू होत नाही म्हणून स्टोरेज सापडत नाही. कुणीतरी हातानं नंबर टाकून ही गाठ सोडवतं, काम चालू होतं, आणि मूळ मांडणी तशीच राहते.

सोडवणूक सरळ आहे. स्टोरेज नंबरानं जोडा. तिन्ही नोडांच्या होस्ट्स फाइलमध्ये तिन्ही नोडांची नावं आणि नंबर लिहा, तिन्हीकडे अगदी सारखे. प्रॉक्समॉक्स डेबियन या लिनक्सवर चढवला असेल तर त्या फाइलमध्ये नोडच्या स्वतःच्या नावासमोर १२७.०.१.१ असतं, ती ओळ काढून खरा पत्ता घाला. नाहीतर नोड इतरांना आपला पत्ता म्हणून 'मी माझ्याच आत आहे' असं सांगत बसतो आणि क्लस्टरमध्ये सामील होताना अडकतो. तपासायला नोडवर गेटेंट होस्ट्स ही कमांड आणि पुढे त्याचंच नाव द्या. डिग ही कमांड वापरू नका, ती होस्ट्स फाइल बघतच नाही.

माणसांसाठीचा डीएनएस मात्र क्लस्टरच्या बाहेर काढा. राउटरमध्ये डीएनएसमास्क (छोटा डीएनएस सर्व्हर) असेल तर तोच पुरतो. नाहीतर रास्पबेरी पायसारखं एखादं छोटं यंत्र २ नंबरावर ठेवा आणि त्याची नक्कल क्लस्टरमध्ये ३ नंबरावर.

आता ती नेहमीची 'सोय': पहिला डीएनएस आपला, दुसरा गूगलचा सार्वजनिक ८.८.८.८, म्हणजे आपला गेला तरी इंटरनेट चालेल. ही सोय काढून टाका. आपला डीएनएस उठेपर्यंत काट्यावरचा कॉम्प्युटर दुसऱ्याला विचारतो. त्याला जिनिंगच्या आतलं नाव माहीत असायचं कारण नाही, तो ठामपणे 'असं नाव नाही' म्हणतो. हे उत्तरच आहे, अपयश नव्हे, त्यामुळे कॉम्प्युटर पुढे कुणाला विचारत नाही. शिवाय 'नाही' हे उत्तरसुद्धा लक्षात ठेवलं जातं, १९९८ पासूनचा तसा नियमच आहे. किती वेळ, ते त्या डोमेनच्या एसओए नोंदीतल्या (डोमेनच्या मूळ माहितीच्या नोंदीतल्या) शेवटच्या आकड्यावर जातं. तिथे ३६०० सेकंद असेल तर तासभरापर्यंत. हे दुसरं रहस्य: आपला डीएनएस केव्हाच उठलेला असतो, कॉम्प्युटर जुन्या 'नाही'ला धरून बसलेला असतो. तातडीनं सोडवायचं तर विंडोजवर आयपीकॉन्फिग आणि पुढे फ्लशडीएनएस ही कमांड. कायमचं सोडवायचं तर दोन्ही डीएनएस आपलेच, आणि दोघांना सारखंच माहीत असलेले.

लिनक्समध्ये रिझॉल्व्ह फाइलमधले फक्त पहिले तीन डीएनएस धरले जातात, आणि एक गप्प राहिला तर पुढच्याकडे जायला साधारण पाच सेकंद लागतात. चौथा लिहून उपयोग नाही. पहिलाच कायम बंद असेल तर प्रत्येक काम पाच सेकंदांनी लंगडतं आणि लोक 'सर्व्हर स्लो झाला' म्हणतात.

नावं ठेवताना डॉट लोकल टाळा. २०१३ पासून ते शेपूट मल्टिकास्टसाठी राखीव आहे, प्रिंटर आणि फोन त्यावर आपापसात बोलतात, तुमच्या डीएनएसला विचारतीलच याची खात्री नाही. स्वतःचं डोमेन असेल तर त्याखालीच आतलं एक उपनाव घ्या, नसेल तर डॉट इंटर्नल वापरा. खासगी वापरासाठी ते २०२४ मध्ये राखून ठेवलं गेलं आहे, बाहेरच्या जगात ते कुणाला विकलं जाणार नाही. नावात अंडरस्कोर नको, अक्षरं, आकडे आणि मधली रेघ एवढंच. नद्यांची नावं द्यायची इकडे हौस आहे, माझीही आहे. पण वैनगंगा एक जण व्ही घालून लिहितो, दुसरा डब्ल्यू घालून. ज्या नावाचं रोमन स्पेलिंग एकच होतं तीच घ्या.

आणि काट्याच्या सॉफ्टवेअरचं नाव नोडला कधीच जोडू नका. ते ज्या व्हर्च्युअल मशीनवर आहे त्याच्या पत्त्याला जोडा. मशीन एका नोडवरून दुसऱ्यावर गेलं तरी त्याचा पत्ता त्याच्याबरोबर जातो. शॉर्टकटमध्ये पहिल्या नोडचा नंबर टाकून ठेवलेला असेल तर तीन मशीनं घेण्याचा खर्च वाया गेला म्हणायचं.

सर्व्हर यूपीएसवर, स्विच लाइनवर

पत्ते-नावं सगळं नीट असूनही लाइन गेली की तिन्ही सर्व्हर एकदम रीस्टार्ट होत असतील, तर रॅकच्या मागे बघा. महागडा यूपीएस सर्व्हरांना असतो आणि दोन हजारांचा स्विच भिंतीवरच्या साध्या प्लगात. लाइन गेली की सर्व्हर जागे राहतात पण एकमेकांना दिसत नाहीत. तिघांपैकी प्रत्येक जण एकटा, कोरमला दोन लागतात, कुणाकडेच नाहीत. हाय अव्हेलेबिलिटी (बसलेल्या नोडवरची मशीनं दुसऱ्यावर आपोआप चालू करायची सोय) चालू असेल तर कोरम गेल्यापासून साधारण ६० सेकंदांत प्रत्येक नोड स्वतःलाच रीस्टार्ट करतो. हा बिघाड नाही, तसंच ठरवलेलं आहे, नाहीतर एकच व्हर्च्युअल मशीन दोन नोडांवर चालू होऊन डेटाची वाट लागेल. स्विच, राउटर, डीएनएसचं छोटं यंत्र, कंपनीचा डबा, सगळं यूपीएसवर घ्या. त्यांना वीज किती लागते!

कोरम आहे की नाही ते पीव्हीईसीएम स्टेटस ही प्रॉक्समॉक्सची कमांड सांगते. एकच नोड जिवंत असेल आणि काटा सुरू करणं भागच असेल तर पीव्हीईसीएम एक्सपेक्टेड १ देऊन त्याला एकट्याला चालवता येतं. पण त्याआधी बाकीचे दोन खरोखर बंद आहेत हे डोळ्यांनी बघा. पिंग लागत नाही म्हणजे बंद आहे असं धरू नका.

रॅक कुठे आहे हेही एकदा बघाच. जिनिंगमध्ये रुईची धूळ पंख्यांत जाऊन नमद्यासारखी बसते आणि मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत साधा स्विच अधूनमधून गोठतो. पत्त्यांचा दोष समजून दोन दिवस घालवण्याआधी फुंकणी मारून घ्या.

मालकांना नागपुरातून बघायचं असतं

डोमेन घेतलं, ए नोंदीत (नावाला नंबर जोडणाऱ्या नोंदीत) जिनिंगचा सार्वजनिक पत्ता टाकला, राउटरमध्ये पोर्ट उघडला, काही महिने चाललं आणि एक दिवस कायमचं बंद झालं. राउटरच्या वॅन (बाहेरच्या जोडणीच्या) पानावर जो पत्ता दिसतो तो बघा. तो १००.६४ ते १००.१२७ च्या मधला असेल तर तो पत्ता तुमचा नाही, कंपनीनं अनेक ग्राहकांना मिळून एका सार्वजनिक पत्त्यामागे ठेवलेलं आहे. हा पट्टा २०१२ मध्ये याच कामासाठी राखला गेला. इथे पोर्ट फॉरवर्डिंग किंवा डायनॅमिक डीएनएस, कशानंही बाहेरचा माणूस आत येऊ शकत नाही.

दोन वाटा आहेत. पैसे भरून स्टॅटिक आयपी घ्या, तुमच्या गावात मिळत असेल तर. किंवा सार्वजनिक पत्ता असलेला एक छोटा व्हीपीएस (इंटरनेटवरचा आभासी सर्व्हर) भाड्यानं घ्या आणि जिनिंगमधून त्याच्याकडे वायरगार्ड या व्हीपीएनचा बोगदा काढा. डोमेनची ए नोंद त्या व्हीपीएसवर. मला दुसरी वाट आवडते, कारण फायबर तुटून सिमकार्डवर गेलात तरी बाहेरचा पत्ता बदलत नाही. बोगद्यात पर्सिस्टंट कीपअलाइव्ह (बोगदा जागा ठेवणारी हाक) २५ सेकंद ठेवा आणि पलीकडच्या टोकाला नावाऐवजी नंबर लिहा. वायरगार्ड नाव फक्त सुरू होताना विचारतो. लाइन आल्या आल्या इंटरनेट नसतं, नाव सापडत नाही, काही वेळ प्रयत्न करून तो सोडून देतो आणि दिवसभर गप्प बसतो.

बाहेरून उघडतं पण जिनिंगच्या आतून तेच डोमेन उघडत नाही, ही तक्रार स्टॅटिक आयपीवाल्यांकडून येते. आतला माणूस बाहेरच्या पत्त्याला हाक मारतो आणि राउटरला ती परत आत वळवता येत नाही. आतल्या डीएनएसमध्ये त्याच नावाला आतला पत्ता द्या. तरीही एखाद्याच मोबाइलवर उघडत नसेल तर त्याच्या सेटिंगमध्ये प्रायव्हेट डीएनएस कुणाच्या तरी नावानं भरलेला आहे का बघा, तो तुमच्या डीएनएसला वळसा घालून जातो. क्रोम आणि फायरफॉक्समधला सुरक्षित डीएनएसही तसंच करतो.

बाहेरून फक्त सॉफ्टवेअरचं पान उघडं ठेवा. प्रॉक्समॉक्सचा ८००६ पोर्ट जगाला दाखवू नका, मालकांनी कितीही आग्रह केला तरी. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं वेबसाइटचं सुरक्षा प्रमाणपत्र घ्यायचं असेल आणि ८० पोर्ट बाहेरून पोचत नसेल तर डीएनएसमध्ये टीएक्सटी (मजकुराची) नोंद टाकून पडताळणी होते, तीच पद्धत वापरा.

घड्याळ

लाइन बरीच वेळ जाऊन आल्यावर सगळंच विचित्र वागत असेल, प्रमाणपत्रं खोटी ठरत असतील, तर मशीनची तारीख बघा. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला की घड्याळ मागच्या काळात जातं. आपला डीएनएस डीएनएससेक, म्हणजे उत्तरांवरच्या डिजिटल सह्या, तपासत असेल तर चुकीच्या तारखेला त्याला सगळ्याच सह्या अवैध वाटतात, नावं सापडत नाहीत, आणि वेळ सांगणारा सर्व्हर नावानंच शोधायचा असल्यानं घड्याळही सुधारत नाही. सेल बदला, किरकोळ खर्च आहे. आणि नोडांना वेळ आपल्या राउटरकडून नंबरानं घ्यायला लावा.

मुद्दाम लाइन घालवून बघा

पावसाळ्यात जिनिंग बंद असताना एका दुपारी, बॅकअप घेऊन झाल्यावर, मेन स्विच पाडा. यूपीएस रिकामा होऊ द्या. ऑफिसातल्या सगळ्यांचे मोबाइल वायफायवर चालू ठेवा, एखादा नवा मोबाइलही जोडायला सांगा. इंटरनेटची केबल डब्यातून काढून ठेवा आणि मग लाइन द्या. इंटरनेटशिवाय, कशालाही हात न लावता, काट्यावरच्या कॉम्प्युटरवर सॉफ्टवेअर नावानं उघडलं पाहिजे. उघडलं नाही तर आयपी नेबर, गेटेंट होस्ट्स, पीव्हीईसीएम स्टेटस या क्रमानं बघा, आणि जिथे अडलं तिथे नोड कुणाला काय विचारत होता ते शोधा.

एकदा पास झालं की लगेच दुसऱ्यांदा करा, या वेळी लाइन देऊन वीस सेकंदांत परत पाडा आणि पुन्हा द्या. जनरेटरच्या चेंजओव्हरला असंच होतं, आणि पहिल्या परीक्षेत पास झालेले स्विच दुसरीत नापास होताना मी पाहिले आहेत. मशीनच्या बायोसमध्ये वीज आल्यावर आपोआप चालू होण्याचं सेटिंग तिन्हीकडे आहे का, तेही याच वेळी कळेल.